डाळीतला खडा आणि कचऱ्यातली बाटली

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कचरा-उद्योगांना यंत्रांसाठी मिळणाऱ्या कर्जावर कालच्या अंकात तुम्ही जो अर्धा पान मजकूर छापलाय, तो वाचून रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. बँका म्हणे पैसे घेऊन तयार बसल्या आहेत, पण 'दर्जेदार प्रस्ताव'च येत नाहीत. हे सांगणाऱ्या अधिकाऱ्यांचं नाव तुम्ही दिलं नाहीत, ते एका परीनं बरंच केलंत. सोबतचा फोटो इथल्या देवगुराडियाच्या, कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या बायो-सीएनजी प्लँटचा. प्लँट उत्तम आहे, वाद नाही. रोज 550 टन कचरा जिरवण्याची त्याची क्षमता आहे आणि फेब्रुवारी 2022 मध्ये खुद्द पंतप्रधानांनी त्याचं लोकार्पण केलं. पण तिथे ओला कचरा जातो हो! मजकूर सुक्या कचऱ्याच्या यंत्रांवर आणि फोटो ओल्या कचऱ्याच्या टाक्यांचा. या शहरात घराघरात सहा प्रकारचा कचरा वेगळा द्यावा लागतो, शाळकरी पोरालाही हा फरक कळतो. तुमच्या कचेरीत कुणी इंदूरकर उरला आहे की नाही?

असो. माझा सांवेर रोडवर छोटा कारखाना आहे. सुका कचरा येतो, आम्ही निवडतो, गठ्ठे बांधतो आणि पुढे प्लॅस्टिक वितळवून त्याचा दाणा करणाऱ्यांना विकतो. त्यामुळे 'प्रस्ताव येत नाहीत' हे निदान मला तरी कुणी सांगू नये. माझा प्रस्ताव गेला होता. सीएची सही, पाच वर्षांची प्रोजेक्शन्स, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद), यंत्राचं कोटेशन, सगळं फायलीत होतं. मागणी काय, तर एक फिरती गोल चाळणी, सरकता पट्टा, लोखंड ओढणारं चुंबक आणि एक ऑप्टिकल सॉर्टर. सगळं मिळून 80 लाखांच्या घरात जाणारं प्रकरण.

ऑप्टिकल सॉर्टर म्हणजे काही चंद्रावरची वस्तू नाही. पट्ट्यावरून माल पळत येतो, वरून इन्फ्रारेड प्रकाश पडतो, प्रत्येक प्लॅस्टिक तो प्रकाश आपापल्या तऱ्हेनं परतवतं. त्यावरून यंत्राला कळतं की ही पेटची, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकची, आणि ही पीव्हीसी या दुसऱ्या जातीच्या प्लॅस्टिकची. लगेच खालून हवेचा फटकारा बसतो आणि नको ती बाटली पलीकडच्या कप्प्यात उडते. पेटच्या मालात थोडी जरी पीव्हीसी गेली तरी वितळवताना सगळा लॉट पिवळा पडतो आणि गिऱ्हाईक भाव पाडतं, म्हणून हा खटाटोप. काळं प्लॅस्टिक मात्र याला दिसत नाही, कारण त्यातली काजळी तो प्रकाश गिळून टाकते. तेवढ्यासाठी माणूस लागतोच.

आता गंमत ऐका. माझ्या एका मित्राची पालद्यात डाळ मिल आहे. त्याच्याकडेही हवेचा फटकारा मारणारं यंत्र आहे. इंदुरात त्याला सगळे सॉर्टेक्सच म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. कॅमेरा तुरीचा दाणा बघतो, काळा किंवा डागी दिसला की हवा मारून बाजूला फेकतो. तत्त्व तेच, पट्ट्याऐवजी घसरगुंडी, एवढाच काय तो फरक. त्याचं कर्ज ज्या शाखेतून झालं, त्याच शाखेत माझी फाइल गेली. त्याच्याकडे आलेले अधिकारी चहा-पोहे खाऊन, पोत्यांची थप्पी मोजून गेले. तेच गृहस्थ माझ्याकडे आले ते नाकाला रुमाल लावून. गेटच्या आत दहा पावलं आले असतील. मी गठ्ठे दाखवले. प्रत्येक गठ्ठ्यावर खडूनं वजन, माल कोणता, तारीख लिहिलेली असते. ते ढिगाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भाईसाहब, ये तो कचरा है। इसका स्टॉक स्टेटमेंट कैसे बनेगा?"

मी म्हटलं, डाळीचा जसा मंडीत भाव निघतो तसा याचाही रोज निघतो, हा बघा फोन. फोन बघायची त्यांची तयारी नव्हती. आत निवडणीच्या टेबलाशी बायका काम करत होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, की या करतायत ना, मग मशीन कशाला हवं?

त्यांना तिथेच उभं करून दाखवायला हवं होतं. आमच्याकडे एक मावशी आहेत, वीसेक वर्षं याच कामात. पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, हातात आली की बघतही नाहीत, कानाजवळ नुसती चुरगाळतात. कुरकुरली की एचएम, मऊ आवाज आला की एलडी, या पन्नीच्या दोन जाती. चुकत नाहीत. पण त्याच हातांत कधी इंजेक्शनची सुई येते, कधी कागदात न गुंडाळलेलं डायपर येतं (सहा डब्यांचं शहर, बरं का!), आणि उन्हाळ्यात टिनाच्या शेडखाली एका पाळीत हातानं किती निवडून होणार? यंत्र आलं की ढोबळ काम ते करील आणि मावशी शेवटच्या पट्ट्यावर तपासणीला उभ्या राहतील. हे सगळं प्रस्तावात लिहिलं होतं. वाचलं कुणी?

पुढे तोच ठरलेला खेळ. तारण काय? मी म्हटलं, सीजीटीएमएसई आहे ना. सूक्ष्म-लघु उद्योगांना विनातारण कर्ज मिळावं म्हणून केंद्र सरकार आणि लघुउद्योगांसाठीची बँक सिडबी यांनी 2000 सालीच बँकांना हमी देणारा तो ट्रस्ट काढला. 1 एप्रिल 2025 पासून हमीची मर्यादा 5 कोटींवरून 10 कोटींवर नेली. माझे 80 लाख त्यात कोपऱ्यात बसतात. हमीची फी मीच भरणार होतो. यावर मॅनेजरसाहेबांचं उत्तर असं, की हमी कागदावर असते, वसुलीला निघालो की कळतं. मग म्हणाले, सुदामा नगरचं घर आहे ना तुमचं? घर वडिलांच्या नावावर होतं, आता चार भावंडांचं आहे. त्यातली एक बहीण ग्वाल्हेरला, एक भाऊ पुण्याला. यंत्र मी घेणार आणि सह्या ग्वाल्हेर-पुण्याहून आणणार! तारण थोडं घेऊन उरलेल्या रकमेला हमी घेण्याचीही सोय त्याच योजनेत आहे, हेही मीच त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, त्यापुढे काही झालं नाही.

एक गोष्ट त्यांची खरी होती, ती लपवत नाही. डाळ मिल बुडाली तर सॉर्टेक्स घ्यायला पालद्यातलेच दोनजण संध्याकाळपर्यंत पैसे घेऊन येतील. माझं यंत्र जप्त केलं तर बँक ते विकणार कुणाला? या धंद्यात जुन्या यंत्रांचा बाजारच नाही. शिवाय माझे माल उचलायचे करार वर्षावर्षाचे आणि कर्ज फेडायचं पाच-सात वर्षांत. बँकेला धास्ती वाटणारच. पण मग हे तुमच्या मजकुरात का नाही? 'प्रस्ताव दर्जेदार नाहीत' म्हणण्यापेक्षा 'आम्हाला या यंत्राची किंमत धरता येत नाही' असं सरळ सांगितलं असतं तर आम्ही निदान पालिकेकडे जाऊन पाच वर्षांचे करार तरी मागितले असते.

शेवटी फाइल कशी निकालात निघाली तेही सांगतो. उद्यम नोंदणीत माझा व्यवसाय 'मटेरियल्स रिकव्हरी' आहे, सरकारच्या उद्योग-वर्गीकरणात त्याला 3830 असा वेगळा क्रमांक आहे. बँकेच्या फॉर्मवर मात्र मला 'ट्रेडर, स्क्रॅप' करून टाकलं. एकदा ट्रेडर झालात की यंत्रासाठी मुदतकर्ज कशाला? 'सीसी लिमिट घ्या, खेळतं भांडवल वापरा.' म्हणजे सात वर्षं चालणारं यंत्र वर्षाच्या उधारीवर घ्यायचं. असा सल्ला आमच्या नाक्यावरचा पानवालाही देणार नाही.

आणि डाळ मिलवाल्याला काय मिळतं? मित्राचा हेवा करत नाही, तो मेहनती माणूस आहे. पण 2020 साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत धान्याच्या छाननी-प्रतवारीच्या युनिटांना 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत आहे, तीही 7 वर्षांपर्यंत, आणि वर हमीही. डाळीतला खडा काढला तर 3 टक्के सूट, कचऱ्यातली बाटली काढली तर रुमाल. स्वच्छ भारत मिशनचे पैसे येतात ते पालिकांकडे, तिथून निविदा निघतात आणि त्या भरायला मोठ्या कंपन्या असतात, ज्यांच्या ताळेबंदाकडे बघूनच मॅनेजर खुर्चीतून उठतो. सांवेर रोडवरच्या माझ्यासारख्यांच्या वाट्याला खाजगी फायनान्स कंपन्या उरतात. एकीनं मला साडेसतरा टक्के सांगितले, प्रोसेसिंग फी निराळी.

इथे माझ्या सौभाग्यवतीचा एक मुद्दा आहे आणि तो छापावा असा तिचा आग्रह आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या महापालिकेनं शहराला नर्मदेचं पाणी उपसून आणायच्या विजेसाठी, जलूदच्या सौर प्रकल्पासाठी 244 कोटींचे हरित रोखे काढले तेव्हा तिनं हौसेनं घेतले. 8.25 टक्के व्याज. कितीतरी पट मागणी आली म्हणून तुम्हीच पहिल्या पानावर छापलं होतंत. तिचं म्हणणं, आपण शहराला सव्वाआठनं पैसे द्यायचे आणि शहराचा कचरा निवडायला साडेसतरानं घ्यायचे, हा कुठला हिशेब? मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या अर्थ-प्रतिनिधींना येत असेल तर द्यावं. नळाला पाणी आणणाऱ्या विजेसाठी रोखे निघू शकतात, तर छोट्या निवडणी-केंद्रांच्या यंत्रांसाठीही निघू शकतात. यंत्रं पालिकेच्या मालकीची ठेवा, आम्हाला भाड्यानं द्या. जप्त करून विकायचं कुणाला हा प्रश्नच मिटला.

जीएसटीबद्दल लिहायला बसलो तर तुमचं पान पुरणार नाही. 1 ऑक्टोबर 2021 पासून प्लॅस्टिक भंगारावरचा कर 5 वरून एकदम 18 टक्क्यांवर नेला, तेव्हापासून पक्क्या बिलानं माल घेणारा वेडा ठरला. आणि बँक उलाढाल बघते ती जीएसटी रिटर्नवरूनच. नव्या यंत्राच्या कोटेशनवर जो 18 टक्के कर असतो, तो बँक कर्जात धरत नाही, 'क्रेडिट मिळेल ना नंतर', म्हणजे पुढच्या करातून वळता होईल, म्हणते. मिळेल, पण यंत्रवाल्याला तो आज रोख द्यावा लागतो. वर 25 टक्के मार्जिन मनी, म्हणजे आपल्या पदरचा हिस्सा, कंप्रेसर, पाया, वाढीव विजेचा लोड. कुठल्याही कोटेशनात हे सगळं एका जागी नसतं आणि खिशातून मात्र एकाच महिन्यात जातं.

आता तुमच्या घरचंच एक सांगायचं राहिलं. सणासुदीला तुमच्या अंकातून जी गुळगुळीत, प्लॅस्टिकचा थर दिलेली पत्रकं पडतात, ती कृपया बंद करा. तो कागदही नाही आणि पन्नीही नाही. कागदवाला घेत नाही, प्लॅस्टिकवाला घेत नाही, रद्दीच्या गठ्ठ्यात दोन-चार निघाली तरी आमचा भाव कापतात. यंदा राखीच्या आधी दागिन्यांच्या दुकानाचं एक आलं होतं, ते मावशींनी माझ्यासमोर आणून धरलं आणि विचारलं, "साहेब, हे कुठल्या डब्यात?" साधा कागद वापरा, जाहिरात तेवढीच दिसते. आणि मागे रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दलचं माझं पत्र तुम्ही निम्म्यावर कापून छापलं होतंत. हे कापायचंच झालं तर वरचा देवगुराडियाचा भाग कापा, यंत्राचा आणि व्याजाचा ठेवा.

कळावे,

आपला एक वर्गणीदार
सुदामा नगर, इंदूर
(नाव-पत्ता कचेरीत दिला आहे, छापू नये. त्याच शाखेत अजून खातं आहे.)