चौदाव्या वर्षी हाती आलेली हिशोबाची वही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की पुरवण्यांतून कोकणातल्या बालपणावरचे लेख यायला लागतात. आंबे, फणस, समुद्रात डुंबणं, रात्री खळ्यात अंथरुणं टाकून ऐकलेल्या भुतांच्या गोष्टी. मी ते सगळे आवडीने वाचते. पण लिहिणारे बहुतेक जण मुंबईहून सुट्टीला येणारे, शाळा उघडायच्या आत परत जाणारे. आम्ही मागे राहायचो. माझी जडणघडण झाली ती त्यानंतरच्या महिन्यांत, आणि त्यातही एका विशिष्ट वर्षात. त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

माझं माहेर देवगड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जन्म १९६८ चा. तेव्हा आमच्या वाडीत पावसाळ्यात कर्ता पुरुष शोधून सापडला नसता. सगळे मुंबईला गिरणीत. घरी बायका, म्हातारी माणसं आणि आम्ही मुलं. वडील लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. एका खोलीत पंधरा-वीस जण, ज्याची जशी पाळी तशी त्याची झोप, जेवण खानावळीत. गावी यायचे ते गणपतीला, आणि रजा मिळालीच तर शिमग्याला.

घर चालायचं मनीऑर्डरवर. त्या फॉर्मच्या तळाशी चार ओळी मजकूर लिहायला जागा असे आणि तेवढा तुकडा पैशांबरोबर आपल्या हातात मिळे. ‘पैसे पाठविले आहेत. सोसायटीचे भरणे. पावसाआधी कौले परतून घेणे. मुलांस शाळेत पाठविणे.’ आईला वाचता येत नसे, वाचायचं काम माझं. पोस्टमन ओट्यावर बसून पाणी पीत असायचा आणि मी मोठ्याने वाचायची. वडील म्हणजे मला आधी ते अक्षर माहीत होतं, माणूस नंतर. टपाल खात्याने ती जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद केली, तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

आणि हे गृहस्थ घरी आले की आम्हाला त्यांची भीती वाटायची, कारण ते फार मोठ्याने बोलायचे. साधं ‘पाणी दे’ म्हटलं तरी ओरडल्यासारखं. साचेखात्यात शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम धडधडत असतात, तिथे शेजारच्या माणसालाही ओरडूनच सांगावं लागतं, आणि वर्षानुवर्षं तिथे काम करून त्यांना ऐकूही कमी येऊ लागलं होतं, हे मला पुढे कळलं. तोवर मी त्यांना रागीटच समजत होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. नेते डॉ. दत्ता सामंत, संपात सुमारे अडीच लाख कामगार. बोनस आणि पगारवाढ ही मागणी होतीच, शिवाय मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे एकाच युनियनला मान्यता होती, तीही कामगारांना नको झाली होती. हे सगळं मी मोठेपणी वाचलं. त्या वेळी आठवीतल्या मुलीला दिसलं ते एवढंच, की मनीऑर्डर आली नाही. पुढच्या महिन्यातही आली नाही. मग शिमग्याला वडील आले, आणि या वेळी त्यांच्याबरोबर ट्रंक होती, वळकटीही होती.

एकेक करत वाडीतले सगळेच आले. तिठ्यावर माणसं दिसायला लागली, एका ट्रान्झिस्टरभोवती दहा डोकी. आज मिटेल, उद्या मिटेल. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, हे आपल्या वाचकांना माहीत असेल.

आम्हाला घरात कुणी काही सांगितलं नाही. आई रात्री चुलीपाशी बसून रडायची आणि आम्ही मधल्या घरात डोळे मिटून जागे असायचो. शाळेत एक मुलगा म्हणाला, तुझ्या बापाला चोरी केली म्हणून काढलंय. मी ते खरं मानलं. का मानू नये? दुसरं काही कारण कुणी दिलंच नव्हतं. कितीतरी दिवस मी वडिलांकडे चोरून बघत असे आणि याने काय चोरलं असेल याचा विचार करत असे. चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात काय चाललंय याचा घरातल्या मोठ्यांना पत्ता नव्हता.

त्या एप्रिल-मेमध्ये वडील एका बागायतदाराकडे पेट्या भरायला जाऊ लागले. आंबा निवडायचा, चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी असा वेगळा करायचा, लाकडी पेटीत पेंढा घालून थर लावायचे. त्यांचा हात लगेच बसला. बोटं मुळात विणकराचीच होती. एकदा दुपारी त्यांनी मला शिवणाचा दोरा तोडून परत जोडून दाखवला. बोटं कधी हलली ते दिसलं नाही. दोरा माझ्या चिमटीतून ओढत नेला तरी गाठ कुठे ते हाताला लागलं नाही. ‘साचो थांबवूक मिळना नाय, म्हणान शिकलंय,’ असं म्हणाले. त्यांच्या कामाबद्दल ते माझ्याशी बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं.

पाऊस सुरू व्हायच्या सुमारास एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. माझी सातवीतली अर्धी कोरी राहिलेली वही त्यांनीच शोधून आणली होती. म्हणाले, ‘चेडवा, ही वही तू धर. घरात काय इला, काय गेला, ता तुका कळाक व्हया.’ आणि एकेक रक्कम सांगायला लागले. एका पानावर जमा, समोरच्या पानावर खर्च. दुकानदाराची उधारी. सोसायटीचं देणं. मुंबईच्या खोलीचं थकलेलं भाडं, खानावळीची बाकी. आईच्या मंगळसूत्रातल्या वाट्या गहाण पडल्या होत्या, तेही. आई आतून म्हणाली, ‘पोराक कित्याक सांगतास?’ वडील नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले, ‘तिका म्हायत होताच. फक्त आकडो म्हायत नव्हतो.’

लिहिता लिहिता मी विचारलं, तुम्हाला कामावरून का काढलं? तेव्हा त्यांनी संप म्हणजे काय ते सांगितलं. कोण काय मागतंय, मालक काय म्हणतात, आपण परत का गेलो नाही. चोरीची गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली, एवढं मात्र पक्कं आठवतं. कर्ज होतं तेवढंच होतं. पण आता ते वहीच्या एका पानावर मावलं होतं, महिन्याला अमुक फेडलं तर अमुक महिन्यांत संपेल असं मांडता येत होतं. त्याआधी मला ज्याची भीती वाटत होती त्याला काही आकारच नव्हता.

त्या वहीने मला पुढचं सगळं दिलं. आंब्याचा मोसम संपला की क्रॉफर्ड मार्केटच्या दलालांकडून पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, येत. वाडीतल्या बायका त्या घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. पेट्या किती, भाव काय, त्यातून वाहतूक, हमाली, तोलाई, दलाली वजा जाता हातात काय. मी बेरजा करून सांगायची, कुठे जुळत नसेल तर बोट ठेवायची. बारावीनंतर कॉमर्सला गेले आणि निवृत्त होईपर्यंत पतसंस्थेत हिशोब लिहिले. कर्जदार समोर येऊन बसला की मी आधी त्याला एका कागदावर त्याचा स्वतःचा आकडा लिहून दाखवायची. त्याचा चेहरा बदलायचा तो मला ओळखीचा वाटायचा.

त्याच घरात, त्याच महिन्यात माझ्या भावाचं काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल.

तो माझ्याहून दीड वर्षाने मोठा. नववी पास झाला होता. दहावीची जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळवून त्याने सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली होती, वर नाव आणि इयत्ता लिहिली होती. एका रात्री आई, वडील आणि काका बोलत बसले. सकाळी त्याला सांगण्यात आलं की शेजारचे आजोबा मुंबईला जाताहेत, त्यांच्याबरोबर जायचं, एका कॅन्टीनमध्ये जागा आहे. एसटी दुपारची होती. एका पिशवीत दोन जोड कपडे. त्याने ‘नको’ म्हटलं नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याचे पैसे येऊ लागले तसे मी ते वहीत जमेच्या पानावर लिहू लागले. माझं शिक्षण त्या आकड्यांवर झालं.

भाऊ माझा फार चांगला माणूस आहे. दोन मुलांना शिकवलं, आईवडिलांचं सगळं केलं. पण आजही घरात चार माणसं काही ठरवायला बसली की तो उठून बाहेर जातो. मुलीच्या लग्नाच्या बैठकीतूनही गेला होता. मागच्या वर्षी मी त्याला कारण विचारलं. म्हणाला, ‘तुका वही दिल्यांनी, माका पिशवी.’ त्याला मुंबईला पाठवणं कदाचित टळलं नसतं. घरात खाणारी तोंडं सहा होती. पण आदल्या रात्री त्याला त्या बैठकीत बसवलं असतं, वही त्याच्याही पुढे ठेवली असती, तर जाणं तेच राहूनही त्याच्या मनात ते वेगळं राहिलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

जुनी गोष्ट आहे, आता कशाला, असं कुणी म्हणेल. पण २०२० साली मी हेच पुन्हा पाहिलं. टाळेबंदीत चाकरमानी परत आले, गावच्या शाळेत त्यांना वेगळं ठेवलं होतं. आमच्या शेजारी मुंबईत टॅक्सी चालवणारा माणूस आला तो वर्षभर राहिला. त्याचा मुलगा आठवीत. मोबाइलवर शाळा, रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जायचं. पुढच्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेलं आणि त्यांची हापूसची जुनी झाडं आडवी झाली. गाडीचे हप्ते थकलेले. मुलगा रात्र रात्र जागायचा, कुणाशी बोलेना. आईबाप म्हणत, ‘त्याला कशाला टेन्शन द्यायचं? त्याने अभ्यास करावा.’ मी त्याच्या आईला म्हटलं, बाई गं, टेन्शन त्याला आहेच, फक्त ते कशाचं आहे हे त्याला माहीत नाही. बँकेचं पासबुक त्याच्यासमोर ठेव. तिने ठेवलं. पहिला प्रश्न त्याने विचारला तो असा, की आपलं घर जाणार आहे का? घर गहाण नव्हतंच. वर्षभर ते पोर एका नसलेल्या गोष्टीला घाबरत होतं.

मुलांचं बालपण निश्चिंत असावं, हे मलाही मान्य आहे. माझी धाकटी बहीण तेव्हा सात वर्षांची होती, तिला वडिलांनी वहीजवळ बसवलं नाही आणि ते बरोबरच केलं. पण तेरा-चौदा वर्षांचं मूल वेगळं. त्याला घरातलं सगळं ऐकू येतं, आवाज खाली आणला की जास्तच ऐकू येतं. तुकड्यातुकड्यांनी ऐकून ते स्वतःच एक कहाणी रचतं, आणि ती बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असते. त्यात दोष कुणाचा तरी लागतो. मी वडिलांना चोर ठरवलं, दुसरं एखादं मूल स्वतःलाच ठरवेल.

वडिलांची गिरणी पुन्हा नीट चालली नाही, पुढे बंदच पडली. देणी मिळायला वर्षं लागली आणि मिळाली ती नावापुरती. म्हाडाने २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली, तेव्हा अर्जाला लागणारा एकेक कागद आमच्याकडे होता. गिरणीतला कामगाराचा तिकीट नंबर, हजेरीकार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या. त्यांनी सांगितलं आणि मी जपलं म्हणून. घर लागलं नाही. पुढच्या सोडतीची वाट बघत ते गेले.

आपल्या वृत्तपत्रातून एवढीच विनंती आहे. १९८२ साली ज्यांचे वडील वळकटी घेऊन घरी आले ती मुलं आता पन्नाशी-साठीत आहेत, आणि २०२० ची मुलं नुकती मोठी झाली आहेत. त्यांना लिहायला सांगा. घरात काय सांगितलं गेलं, काय लपवलं गेलं आणि त्याचं त्यांच्यात काय उरलं, ते त्यांच्या शब्दांत येऊ द्या. आजचे आईबाप ते वाचतील.

हे पत्र मी पाठवण्याआधी भावाला फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. छाप म्हणाला. एक गोष्ट मात्र त्याने घालायला सांगितली: शाळा सुटली एवढंच लिहून थांबू नकोस. कॅन्टीनचं काम संपवून तो रात्रशाळेत जात होता, आणि दहावीला गणितात त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते.

आपली,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)