आई-बाबा, एप्रिलमध्ये येणं जमत नाहीये

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे नीट सांगता येत नाही, मधेच आवाज तुटतो, मग आई तू "बरं बरं, तब्येत सांभाळ" म्हणून ठेवून देतेस आणि मला कळतं की तुला वाईट वाटलंय. म्हणून लिहितेय. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येणार होते, ते आता होत नाहीये. तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्याचं करून घेतलंय आणि दादाशी बोलणंही झालंय, तो आणि वहिनी आदल्या दिवशीच पुण्याहून सोलापूरला पोचतील. आम्हाला न विचारता ठरवलंस असं म्हणाल. पण बाबा, तुम्ही "तुझं काम महत्त्वाचं, येऊ नकोस" म्हणून लगेच मोकळे झाला असता आणि आई रात्रभर कूस बदलत राहिली असती, म्हणून आधी सगळी सोय लावली आणि मग लिहायला बसले.

कारण एकच आहे, इथे पाऊस झालाय.

इथे, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या बुशमनलँडात, वर्षाला साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या दुष्काळी सोलापुरात त्याच्या पाचपट तरी पडत असेल. आणि इथला पाऊस वेळेवर येईलच असंही नाही, एखादं वर्ष तो येतच नाही, मग मी ज्यांचा अभ्यास करतेय ते इथले चंडोल घरटीच करत नाहीत, बरेचसे तर थव्याने दुसरीकडे निघून जातात. पाऊस पडला की मात्र सगळं चक्र एकदम फिरतं. गवत पोपटी होतं, किडे-नाकतोडे येतात, आणि काल जिथे एक पक्षी नव्हता तिथे ग्रे-बॅक्ड स्पॅरोलार्क या छोट्या चंडोलाचे थवे उतरतात आणि काही दिवसांत जोड्या घरट्याला लागतात. पीटर लॉइड नावाच्या संशोधकाने १९९९ साली याच कोरड्या मुलखातल्या पक्ष्यांबद्दल दाखवलं होतं की पाऊस जास्त झाला की हे पक्षी अंडीही जास्त घालतात, म्हणजे विणीचा मुहूर्त पावसाने ठरतो आणि अंडी किती घालायची तेही. हे आत्ता चालू आहे, मेपर्यंत आटोपेल. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलूया असं बाबा म्हणाले होते ना, तसं अजिबात करायचं नाही, तुम्हाला रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात हे दादाने सांगितलंय मला.

माझे गाइड म्हणाले होते, जायचं असेल तर जा, दुसरं कोणी बघेल. पण दुसरं कोणी बघू शकत नाही गं आई. चंडोलाचं घरटं जमिनीवर असतं, गवताच्या बुडाशी नाहीतर दगडाच्या आडोशाला, वाटीएवढं, आणि ते सापडायला आधी तासन् तास नुसतं बघत बसावं लागतं, की चोचीत किडा घेऊन हा पक्षी कुठे उतरतोय. तो घरट्यावर थेट उतरतच नाही, लांब उतरतो आणि मग गवतातून पळत जातो. माझी नजर आता त्याला बसलीय. नवीन माणूस आला तर त्याला सवय होईपर्यंत पिल्लं घरटं सोडून गेलेली असतील, कारण अंडी उबायला साधारण दहा दिवस आणि पिल्लंही आठ-दहा दिवसांतच बाहेर पडतात, उडता येत नसतानाच, नुसती पळत. जमिनीवरच्या घरट्यात जितकं जास्त राहावं तितका धोका. मुंगूस आहे, साप आहेत, कावळे आहेत, निम्म्याहून जास्त घरटी तशीच जातात. आम्ही घरट्याची खूणसुद्धा लांब ठेवतो, जवळ काही ठेवलं की कावळ्याला पत्ता मिळतो.

आई, तुला एक सांगायचंच आहे. इथे सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो, त्यामुळे सावली दक्षिणेला पडते आणि हे पक्षी बहुतेक वेळा दगडाच्या नाहीतर गवताच्या दक्षिण-पूर्व बाजूला घरटं करतात, म्हणजे दुपारचं ऊन टळतं. तरी उन्हाच्या दिवसात वाळू ५० अंशांच्या वर तापते, आणि अंडं ४०-४१ च्या पुढे फार वेळ राहिलं तर आतला जीव वाचत नाही. मग आई-बापांपैकी एक जण घरट्यावर नुसता उभा राहतो, चोच उघडी, पंख अंगापासून थोडे सुटे, सगळं ऊन स्वतःच्या पाठीवर घेऊन. अंडी उबवत नसतो, थंड ठेवत असतो. मग दुसरा येतो आणि हा जातो, नर-मादी दोघंही करतात. तू लाइट गेली की माझ्या पाळण्यावर ओली चादर टाकून बसायचीस असं आजी सांगायची, मला रोज दुपारी तेच आठवतं. दुपारी कुठला पक्षी किती वेळ तसा उभा राहू शकतो, कधी त्याला पाण्यासाठी उठावंच लागतं आणि तेव्हा अंड्याचं काय होतं, हेच मी मोजतेय, घरट्यात बारका तापमान मोजणारा सेन्सर आणि थोडं दूर कॅमेरा.

स्क्लेटर्स लार्क म्हणून एक चंडोल आहे, तो तर उघड्या खडकाळ मैदानात, काही आडोसा नसताना, एकच अंडं घालतो. एकच. घरट्याभोवती बारीक खडे मांडतो आणि पिल्लू त्या खड्यांत इतकं मिसळून जातं की समोर असून दिसत नाही. त्याला प्यायला पाणी लागतं, मेंढ्यांसाठी पवनचक्कीच्या पाण्याने भरलेले हौद असतात तिथे येतो. आणि कोआ व्हॅलीच्या तांबड्या टेकड्यांवरचा रेड लार्क, वाळूच्याच रंगाचा, जगात फक्त याच भागात आहे आणि धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. मेंढ्यांनी गवत खाऊन संपवलं की त्याला घरटं करायला जागा राहत नाही, त्यात ऊन दरवर्षी वाढतंय. पाऊस झालेलं असं वर्ष पुन्हा कधी मिळेल ते कोणालाच सांगता येणार नाही. बाबांच्या डोळ्याला दादा आहे, वहिनी आहे, तुम्हाला चांगले डॉक्टर मिळालेत. इथे या कामाला आत्ता मीच आहे. हे कठोर वाटत असेल तर वाचून झाल्यावर विसरा, मला तसं म्हणायचं नाहीये.

बाबा, हे वेड तुमचंच आहे खरं तर. तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभं करून नान्नजच्या माळावर न्यायचात आणि डोंबारी चंडोल दाखवायचात, वर चढत जायचा आणि पंख मिटून दगडासारखा खाली, आता आपटणार असं वाटून मी डोळे मिटून घ्यायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "उघड डोळे, गेला बघ परत वर." इथले स्पॅरोलार्क त्याच्याच कुळातले आहेत. नराचं पोट तसंच काळं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तुम्हालाच हाक मारणार होते.

माझी काळजी करू नका. शेतावरचं जुनं घर दिलंय, भिंती जाड आहेत, पंखा आहे, रात्री गार होतं तेव्हा आजीची गोधडी लागतेच. साप आहेत हे मी लपवत नाही, पण पायांना गुडघ्यापर्यंत गुंडाळायचे जाड गेटर्स घालते आणि एकटी कधीच जात नाही, बरोबर इथलाच एक मुलगा असतो ज्याला हा माळ पाठ आहे. जेवायला वरण-भात करते, तूरडाळ अपिंग्टनला मिळते. शेतमालकीणबाई दर रविवारी जेवायला बोलावतात आणि मी मटण खात नाही म्हणून माझ्यासाठी भोपळा वेगळा करतात. केस गळणं थांबलंय.

आता नीट ऐका. बाबांची शुगर ऑपरेशनच्या आधी ताब्यात पाहिजे, म्हणजे आमरस नाही, हापूसची पेटी आली तरी नाही, मागच्या मे महिन्यात पेटीवरून जे झालं ते मी विसरलेले नाही. ऑपरेशननंतर ड्रॉप्स डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच घालायचे, फ्रिजवर कागद लावा आणि टिक करा. डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, खाली वाकून बागेतली माती उकरायची नाही. स्कूटरची किल्ली दादाकडे. आई, तू त्यांच्या मागे धावताना स्वतःची बीपीची गोळी विसरतेस, नानांच्या वेळी हेच झालं होतं, तुझी डबी त्यांच्या ड्रॉप्सच्या शेजारी ठेव. जिन्यावरचा दिवा बदलून घ्या, मी कधीची सांगतेय. आणि स्वयंपाकाला त्या पंधरा दिवसांत काकूंना सांग, तू नाही म्हणशील म्हणून मी त्यांच्याशी आधीच बोललेय, रागावू नकोस.

रोज तुमच्या रात्री साडेनऊला फोन करेन, तेव्हा इथे संध्याकाळचे सहा असतात आणि मी माळावरून परतलेली असते. ऑपरेशनच्या दिवशी मात्र मी माळावर जाणारच नाहीये, शेतमालकीणबाईंच्या घरी वायफाय आहे तिथे सकाळपासून बसेन. दादाला सांगा, डॉक्टर बाहेर आले की आधी मला फोन, मग बाकी सगळ्यांना.

तुमची,
बबी

ता. क. आई, मेतकूट संपलंय पण कुरियर करू नकोस, जूनमध्ये येईन तेव्हा मीच घेऊन जाईन.