ओर्व्हिएतोहून मुक्ताला

चि. सौ. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा ‘पोचलो’ एवढाच मेसेज आला. आईने तो तीनदा उघडून पाहिला. मी म्हटलं, एकच शब्द किती वेळा वाचणार? तर म्हणाली, एरवी ती पुढे काहीतरी चित्र टाकते. चित्र नव्हतं खरं.

फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि शेजारच्या खोलीतलं म्हातारं जोडपं साडेनऊला झोपतं. म्हणून लिहितोय. तुमच्या जर्मन पासपोर्टचा विषय पत्रात काढायचा नाही, असं आईला कबूल केलंय. ती समोर गुडघ्याला मलम चोळत बसली आहे आणि मधूनच विचारते, “काय लिहिलंत?” तेव्हा तो विषय नाही.

गाव तू निवडलंस ते उत्तम निवडलंस. रोमहून साध्या गाडीने सव्वा तास. स्टेशन खाली आणि गाव वर, उभ्या कड्यावर, आपल्या एखाद्या गडाच्या माचीवर बाजारपेठ वसवावी तसं. वर जायला दोरावर ओढली जाणारी गाडी आहे. ती १८८८ साली सुरू झाली तेव्हा पाण्यावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली उतरला की खालचा आपोआप वर. ना कोळसा, ना इंजिन. आता वीज आहे. मी आईला हे समजावत होतो तोवर गाडी वर पोचलीसुद्धा, आणि तिने फक्त दरी पाहिली.

इथल्या पावात मीठ नसतं. पहिल्या दिवशी वाटलं आपल्यालाच ताप येणार आहे. मग आईने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली आणि प्रश्न मिटला. हाताने वळलेल्या जाड शेवयांचा एक प्रकार मिळतो, तो दोन दिवस तोच खातोय. घरमालकीण बाई सकाळी कॉफी देतात, आम्ही त्यांना कंदी पेढा देतो. हो, पेढ्यांचा डबा. तू रोमच्या खोलीत विसरलीस, की ठेवून गेलीस, ते मी विचारत नाही.

त्या रात्रीचं एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र सरळ जाईल. रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या त्या खाणावळीत मी म्हणालो, “मग आम्ही गेल्यावर व्हिसाच्या रांगेत उभी राहून ये.” नितीनराव पाण्याचा ग्लास बघत बसले आणि तू नॅपकिनची घडी घालायला लागलीस. मुक्ता, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ते ओसीआय कार्ड असलं की व्हिसा लागत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. तरी बोललो. म्हणजे अज्ञानाने नाही, लागावं म्हणून बोललो. सकाळी स्टेशनवर तू पाया पडलीस, पण मी पाठीवर हात ठेवायच्या आत सरळ झालीस. माझा हात तसाच वर. नितीनरावांनी तो हातात घेऊन शेकहँड केला, बिचाऱ्यांनी.

झालं. आता नाही.

आज इथली विहीर पाहिली. मी हट्टाने पहिल्याच दिवशी जाणार होतो, पण आईला आधी कॅथेड्रल बघायचं होतं. ते १२९० साली बांधायला घेतलेलं, पांढऱ्या आणि काळ्या दगडांचे आडवे पट्टे, आणि तोंडावर सोनेरी चित्रं. ऊन त्यावर पडलं की बघवत नाही. आई पायरीवर तासभर बसली. मी आत जाऊन आलो, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो, ती तिथेच.

विहिरीची हकिकत अशी. १५२७ साली पगार थकलेल्या सैनिकांनी रोम लुटलं. सातवा क्लेमेंट नावाचा पोप तिथून निसटून या कड्यावर येऊन राहिला. कडा अभेद्य, पण वेढा पडला तर पाणी कुठून आणणार? त्याने सांगालो नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाला विहीर खणायला लावली. सुमारे ५३ मीटर खोल. वरचा भाग तांबूस, मऊ कातळात कोरलेला. खाली माती लागली तशी वीटबांधणी घेतली. तो जोड मी हात लावून पाहिला. चौतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढलेल्या माणसाला अशा जोडावरून कळतं की कामावर कोण होता. पुरी व्हायला १५३७ उजाडलं. पोप तोवर जाऊन तीन वर्षं झाली होती.

आणि जिने दोन. मधल्या गोल पोकळीला विळखा घातलेले, एकावर एक, पण एकमेकांना कुठेही न मिळणारे. एकाने खेचरं पाण्याला उतरायची, दुसऱ्याने भरल्या पखाली घेऊन वर यायची, म्हणजे वाटेत तोंडाला तोंड नाही. तळाला एक लहानसा पूल, तिथेच काय ती भेट. जिन्यांना आतल्या बाजूला खिडक्या आहेत, सत्तरेक, त्यांतून उजेड झिरपतो.

मी पायऱ्या मोजत उतरत होतो. पायऱ्या खेचरांच्या बेताच्या, रुंद नि उतरत्या, म्हणून आईच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. ती पुढे गेली. मी विटा बघत मागे राहिलो. मान वर करतो तर समोरच्या खिडकीतून तुझी आई जाताना दिसली, तू दिलेल्या निळ्या स्वेटरमध्ये. ती पूल ओलांडून दुसऱ्या जिन्याने वर निघालेली आणि मी अजून खाली जातोय. मध्ये नुसती हवा. मी ओरडलो, “अगं, थांब!” सगळी विहीर ‘थांब थांब’ करायला लागली. एक परदेशी बाई हसली. आईने खिडकीतून हात हलवला आणि पुढच्या खिडकीत गेली, मग त्याच्या पुढच्या. मी मोजत होतो ते चुकलं.

तू म्हणशील, बाबा आता यातूनही पासपोर्ट काढणार. नाही काढत.

मला आपल्या लिंब गावची बारा मोटेची विहीर आठवली, एवढंच. शाहूमहाराजांच्या काळात वीरूबाईंनी बांधलेली. तीही विहीर आणि आत खोल्या, गवाक्षं. तू सात वर्षांची होतीस. तात्यांच्या वाटणीच्या दिवशी सगळे पंचनाम्यात गुंतले होते आणि मी तुला घेऊन विहिरीवर गेलो. दगडी जिना उतरताना तू बोट सोडलंस. दहा मिनिटं तुझा पत्ता नाही. मी मोटेच्या जागी ओणवा होऊन पाण्यात बघत होतो. हाक मारली की माझीच हाक परत यायची. आणि तू वरच्या महालात बसून फ्रॉकच्या ओच्यातल्या कैऱ्या खात होतीस! म्हणालीस, “ऐकू येत होतं, पण मजा वाटत होती.” त्या दिवशी तुला मारलं. आयुष्यात एकदाच. तू विसरली असशील. मी नाही विसरलो, कारण तू रडली नाहीस, उरलेली कैरी मला देऊ केलीस.

रोममध्ये हेच झालं असावं. यंत्र तेच, फक्त कैरी नाही.

पण रोम तुझ्यामुळे कळलं. रस्त्यावरच्या त्या लोखंडी नळाच्या तोटीवर बोट दाबायचं, की वरच्या भोकातून पिण्याजोगी धार उडते, हे तू दाखवलंस आणि माझा शर्ट भिजला. रोमन लोकांनी ख्रिस्तपूर्व १९ साली आणलेलं एक पाणी अजून त्रेव्हीच्या कारंज्याला पोचतं. आपल्याकडे कालव्याचं अस्तरीकरण दहा पावसाळे टिकलं की सत्कार करतात. पँथिऑनच्या घुमटाच्या भोकातून पाऊस आत पडत होता तेव्हा सगळे वर बघत होते, तू तेवढी म्हणालीस, “बाबा, खाली बघा.” फरशीला कळेल न कळेल असा उतार आणि पाणी जिरायला बारीक भोकं. पोरगी इंजिनिअरची खरी, असं मनात म्हटलं. तोंडाने म्हणायला हवं होतं.

तिकिटाच्या यंत्रापाशी त्या जर्मन म्हाताऱ्या नवराबायकोला तू समजावत होतीस तेव्हा मी मागे उभा होतो. एक शब्द कळला नाही. पण तू अडखळत नव्हतीस. ती बाई तुझ्या दंडावर हात ठेवून हसली. ही पोर सातारच्या एसटी स्टँडवर कंडक्टरला पुणे म्हणायला लाजायची. माझी छाती फुगली, खरंच फुगली, आणि लगेच वाटलं की त्या बाईला ही त्यांच्यातलीच वाटली असणार. दोन्ही एकाच मिनिटात वाटलं, त्याला मी काय करू?

बरं, हेही सांगतो. आई झोपली आहे. तू रोममध्ये बातमी दिलीस, पण मला दिवाळीपासून अंदाज होता. तू जन्मदाखल्याची नक्कल मागितलीस ना? ती मीच रांगेत उभा राहून आणली. दुसऱ्याच आठवड्यात वाईच्या वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, नागरिकत्व बदललं तर शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने येते. म्हणजे लिंबच्या सातबाऱ्याची चिंता नाही. जर्मनीवाल्यांना दोन पासपोर्ट चालतात, आपल्याच सरकारला चालत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. घरी येऊन मी आईला म्हटलं, बँकेत गेलो होतो. मला सगळं ठाऊक असून मी त्या टेबलावर असं वागलो, जणू कोणीतरी मागून धक्का दिला.

तू जुना पासपोर्ट जमा करशील तेव्हा रद्दचा शिक्का मारून परत मिळाला तर जपून ठेव. त्यातला फोटो मी अंबादास स्टुडिओच्या गल्लीत काढून आणलेला, तुझी वेणी पुढे घ्यायला लावून. आणि दोघांनी एकदम अर्ज करण्यापेक्षा एकाने आधी केला तर? काही अडलंच तर एक पाय... जाऊ दे. नितीनराव हुशार आहेत, त्यांनी विचार केला असेल. तुमच्या वयाला मी कोणाला विचारून धरणाच्या साइटवर बदली घेतली होती? तुझी आजी सहा महिने बोलली नव्हती. शैलाआत्याला विचार, ती मीठमसाला लावून सांगेल.

व्हिटॅमिन डीच्या गोळ्या घे. रोममध्ये जिना चढताना तुझा घोटा कटकट वाजत होता.

उद्या कड्याच्या कडेकडेने फिरणार, मग तिकीट घेऊन हे टाकणार. हे आधी पोचतं की आम्ही साताऱ्याला, कोण जाणे. पोचलं की चित्र टाक, आईसाठी.

आणि एक. ते नागरिकत्वाचं प्रमाणपत्र समारंभ करून देतात, असं नितीनराव बोलता बोलता म्हणाले होते. तिथे घरच्यांना बसू देतात का? देत असतील तर तारीख आधी कळव. आम्हाला व्हिसा लागतो, रांग मोठी असते.

तुझा,
बाबा

ता. क. विहिरीच्या पायऱ्या २४८ आहेत. माझ्या २४१ भरल्या. आई म्हणते, तिने मोजल्याच नाहीत.