झाशीपुढचा रोज ‘लॉर्ड’ नव्हता

महोदय,

राणी लक्ष्मीबाईंच्या स्मृतिदिनी छापून येणाऱ्या लेखांत झाशी घेणारा सेनापती कधी ‘लॉर्ड रोज’ होतो, तर कधी ‘फील्डमार्शल’. झाशीला वेढा घालणारा होता मेजर-जनरल सर ह्यू रोज. बॅरन स्ट्रॅथनेर्न हा किताब त्याला १८६६ मध्ये मिळाला, फील्डमार्शलपद तर १८७७ मध्ये.

तो हिंदुस्थानात मुरलेला अधिकारीही नव्हता. १८०१ मध्ये बर्लिनमध्ये जन्म, १८२० मध्ये लष्करात प्रवेश, पण पुढची उमेदीची वर्षे सीरिया आणि कॉन्स्टँटिनोपलच्या वकिलातींत गेली. क्रिमियाच्या युद्धात तो फ्रेंच सेनापतीच्या गोटात ब्रिटिशांचा प्रतिनिधी होता. मुंबईत उतरला तो सप्टेंबर १८५७ मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी. त्याआधी हिंदुस्थानातली एकही मोहीम त्याच्या खात्यावर नव्हती.

तरी त्याचे डावपेच अभ्यासण्यासारखे आहेत. मार्च १८५८ मध्ये नरहटच्या घाटाकडे हूल दाखवून त्याने मदनपूरची खिंड गाठली. १ एप्रिलला तात्या टोपे सुमारे वीस हजारांची फौज घेऊन बेतवा नदीवर आले, तेव्हा वेढा न उठवता जेमतेम दीड हजार माणसांनिशी, तीही दोन तुकड्यांत विभागून, तो सामोरा गेला. तात्यांची दुसरी फळी पहिलीपासून इतकी मागे होती की पहिली मोडली तेव्हा तिला आधार मिळालाच नाही. झाशीतील कत्तल आणि लूट याच सेनापतीच्या फौजेने केली. त्या वेळी शहरात असलेल्या विष्णुभट गोडसे यांनी ती लिहून ठेवली आहे. डावपेचांचे कौतुक करणाऱ्यांनी तीही पाने वाचावीत.

सर्वांत मोठी चूक ग्वाल्हेरबाबत होते. राणी पडल्या त्या कोटा की सराईच्या लढाईत रोज समोर नव्हता. ती लढाई ब्रिगेडियर स्मिथच्या तुकडीची, घोडदळ आठव्या हुसार्सचे. रोज तेव्हा ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीत होता. (राणींचा स्मृतिदिन आपल्याकडे १८ जूनला पाळतात, इंग्रजी कागदपत्रांत बहुधा १७ जून आढळतो.) काल्पीच्या लढाईनंतर उन्हाने खचून त्याने सेनापतिपद सोडले होते. ग्वाल्हेर तात्या-राणींच्या हाती गेल्याचे कळताच वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता त्याने ते पुन्हा घेतले आणि त्यापायी सरसेनापती कॅम्पबेलची नाराजी ओढवून घेतली.

चित्रकूटजवळच्या कर्वीत अमृतराव पेशव्यांच्या वंशजांची संपत्ती व्हिटलॉक या दुसऱ्या इंग्रज सेनापतीच्या फौजेने जप्त केली. तिच्यात रोजच्या फौजेनेही वाटा मागितला. १८६६ मध्ये लंडनच्या नौदल न्यायालयाने तो नाकारला. पेशवे घराण्याच्या पैशावरून दोन इंग्रज फौजा कोर्टात भांडल्या, हे मराठी लेखांत क्वचितच येते.

– एक वाचक