विषय : आमची बोट कोथरूडला नव्हती, समुद्रात खांदेरी बेटाजवळ होती

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनवर सत्तेचाळीस मिनिटं काढून मी फोन ठेवला. पाठोपाठ एसएमएस आला, ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.’ समाधान कोणाचं झालं, हे त्यात लिहिलेलं नाही. माझं झालेलं नाही. म्हणून हे पत्र.

तुमचं नौकानयनाचं सॉफ्टवेअर मी २०१६ पासून मॅकवर वापरतो आहे. चार्टचं, म्हणजे सागरी नकाशांचं, सबस्क्रिप्शन दरवर्षी मुदतीआधी भरतो. प्रॉडक्ट तुमचंच आहे, तेव्हा एस-५७ साच्यातला डिजिटल चार्ट म्हणजे काय आणि जीपीएस पाठवतो ती माहितीची ओळ कशी वाचतात हे मी तुम्हाला समजावत बसत नाही. तुमच्या फोनवरच्या माणसांना मात्र ते तीनदा समजावलं.

जानेवारीत तुमचा अपडेट आला. तो टाकल्यावर यूएसबीला लावलेला जीपीएस प्रोग्रॅमला दिसेनासा झाला. चार वर्षं तोच जीपीएस, तीच केबल, तेच पोर्ट. प्रोग्रॅम बंद करून टर्मिनल उघडलं, पोर्ट ४८०० बॉडला, म्हणजे जीपीएस माहिती पाठवतो त्या वेगाला, लावलं, तर ओळी सेकंदाला एक अशा व्यवस्थित येत होत्या. वेळ आणि जागा सांगणाऱ्या आरएमसीच्या ओळीत वेळेनंतरचं अक्षर ‘ए’ होतं. ‘ए’ म्हणजे फिक्स (जीपीएसने मोजलेली जागा) पक्का, ‘व्ही’ म्हणजे त्यावर विसंबू नका. प्रत्येक ओळीत ‘ए’. म्हणजे जीपीएस ठणठणीत, मॅक ठणठणीत, केबल ठणठणीत. बिघाड तुमच्या अपडेटमध्ये. हे सगळं स्क्रीनशॉटसह मी ईमेलने कळवलं. त्या ईमेलला आजवर उत्तर नाही.

उत्तर नाही म्हणून फोन केला. तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, ‘सर, सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन आमच्या ॲपला लोकेशन सर्व्हिसेसची परवानगी द्या.’ मी घरी कोथरूडला बसलो होतो. परवानगी दिली आणि बोटीचं चिन्ह बरोबर कोथरूडवर उमटलं. ‘बघा सर, आलं ना?’ आलं होतं खरं. मला वाटलं जीपीएस सुरू झाला. माझी चूक झाली असेल तर एवढीच, की मी तुमच्या माणसावर विश्वास ठेवला.

मॅकमध्ये जीपीएसची चिप नसते. आसपासचे वायफाय राउटर ओळखून तो आपली जागा ठरवतो. शहरात हे उत्तम चालतं. समुद्रात राउटर नसतात. नौकानयनाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. ठाऊक असूनही तुमच्या नव्या आवृत्तीत, जीपीएस सापडला नाही तर प्रोग्रॅम गुपचूप लोकेशन सर्व्हिसेसवर जातो. खूण तीच, हिरवा रंग तोच. जागा कुठून घेतली आहे, हे स्क्रीनवर कुठेही लिहून येत नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही मांडव्याहून नांगर उचलला. बोटीवर मी, माझा पुतण्या आणि थळचे एक जुने तांडेल. बेत साधा होता. खांदेरीच्या बाहेरून दक्षिणेला उतरायचं, भोवतालच्या खडकांपासून लांब राहायचं. जमिनीवरून येणारा मतलई वारा चांगला होता, पण हवा धुरकट, किनारासुद्धा नीट दिसत नव्हता. पहिला पाऊण तास शीड आणि सुकाणू यांतच गेला. मॅककडे पाहिलं तेव्हा बोट मांडव्याच्या जेट्टीपुढे अर्ध्या मैलावर दाखवत होती. भरतीचं पाणी समोरून येत होतं, म्हणून वाटलं, ओढीमुळे आपण पुढे सरकत नाही आहोत. चिन्ह हिरवंच होतं. खरी गोष्ट आता कळते आहे. जेट्टीच्या आसपासचं वायफाय होतं तिथवर मॅकला जागा कळली, ते मागे पडल्यावर चिन्ह तिथेच थिजलं आणि आम्ही चार-पाच नॉटने पुढे निघून गेलो. अलार्म नाही, सूचना नाही, चिन्ह हिरवंच.

सात चाळीसच्या सुमाराला स्क्रीन एकदम सरकली. समुद्र गेला आणि सगळीकडे जमिनीचा पिवळा रंग आला. बोट कोथरूडला. बोटीवर सिमकार्डाचा एक छोटा राउटर आहे. एआयएस रिसीव्हरची, म्हणजे आसपासच्या जहाजांचे संदेश पकडणाऱ्या यंत्राची, माहिती त्याच्यावरून मॅककडे येते. तोच राउटर आधी दोन वर्षं आमच्या घरात होता. समुद्रात मॅकला दिसणारं ते एकच वायफाय, आणि लोकेशन सर्व्हिसेसकडे त्याची नोंद कोथरूडची. प्रोग्रॅमने ती नोंद निमूट खरी मानली आणि आमची बोट सह्याद्री ओलांडून सुमारे ५८ सागरी मैल पूर्वेला नेऊन ठेवली.

तुम्ही म्हणाल, बोट जमिनीवर दिसली की कोणालाही चूक कळेल. म्हणून पुढची ओळ नीट वाचा. एआयएस चालू होता. मुंबई बंदराकडे येणारी दोन मोठी जहाजं चार्टवर आपापल्या खऱ्या जागी होती. ती किती जवळून जाणार हे तुमचा प्रोग्रॅम मोजत होता, पण मोजत होता कोथरूडपासून. त्यामुळे त्याच्या लेखी दोन्ही जहाजं पन्नासहून अधिक मैल लांब. प्रत्यक्षात त्यातलं एक धुरकट हवेतून आम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. तीन वर्षांपूर्वी ज्या अलार्मसाठी मी तुमच्याकडून वेगळं मॉड्यूल विकत घेतलं, तो एकदाही वाजला नाही.

तांडेलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बोटाने दाखवलं. ‘साहेब, खांदेरीची बत्ती ती काय. मशीन बंद करा आता.’ दीपगृह दीड-दोन मैलांवर होतं, आणि माझ्या अंदाजाने जे बरंच डावीकडे असायला हवं होतं ते जवळजवळ नाकासमोर होतं. मी देहरादूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचा कागदी चार्ट उलगडला, हातातल्या कंपासने खांदेरीचा आणि किनाऱ्यावरच्या एका टेकडीचा बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, घेतला, पेन्सिलीने दोन रेषा मारल्या. बोट कुठे आहे ते त्या दोन रेषांनी सांगितलं. आम्ही दिशा बदलून बाहेर निघालो. पुतण्या सतरा वर्षांचा आहे. तो काही बोलला नाही, पण लाइफ जॅकेटचा पट्टा त्याने पुन्हा एकदा ओढून बघितला. ते मी विसरू शकत नाही.

आता कालच्या फोनबद्दल. हा भाग तुमच्या वरिष्ठांनी स्वतः वाचावा अशी माझी अपेक्षा आहे. कॉल रेकॉर्ड होतो असं सुरुवातीलाच सांगितलं जातं, तेव्हा ताडून बघायला हरकत नाही.

पहिल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मॅक रीस्टार्ट करायला सांगितलं. केला. दुसऱ्यांकडे फोन गेला, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनीही रीस्टार्ट करायला सांगितलं. केला. मग तिसरे, सीनियर. त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं. हा संवाद मी फोन ठेवल्या ठेवल्या वहीत उतरवून काढला आहे :

‘सर, ॲप तुमचं लोकेशन काय दाखवतंय?’
‘त्या दिवशी कोथरूड दाखवलं.’
‘तुमचा रजिस्टर्ड पत्ता कुठला आहे?’
‘कोथरूड, पुणे.’
‘मग सर, लोकेशन बरोबरच आहे की.’
‘अहो, मी तेव्हा समुद्रात होतो.’
‘सर, पण तुम्ही पुण्याला राहता ना?’
‘राहतो पुण्याला. बोट समुद्रात असते.’
यावर थोडी शांतता. मग ते म्हणाले, ‘सर, पुण्याला समुद्र कुठे आहे?’ आणि पलीकडे कोणीतरी हसलं.

मी थांबलो. त्यांनी ‘हॅलो, सर, हॅलो’ केलं. मी म्हटलं, ऐकतोय. त्यांनी पुढे विचारलं, ‘सर, हे ॲप तुम्ही नक्की कशासाठी वापरता? रस्त्यासाठी असेल तर दुसरे फ्री ॲप्स असतात.’

दहा वर्षांच्या ग्राहकाला तुमची कंपनी हे विचारते. तुमच्या खोक्यावर जहाजाचं चित्र आहे. तुमच्या प्रोग्रॅमच्या नावात समुद्र आहे. आणि तुमच्या सीनियर माणसाला वाटतं, मी त्यावर कर्वे रस्त्याचा ट्रॅफिक बघतो.

पुण्याला समुद्र नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शीड धरायला मी खडकवासल्याच्या पाण्यावर शिकलो. त्याच खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, स्थापना १९१६ची. देशातल्या बंदरांच्या प्रतिकृती तिथे बांधतात, लाटा आणि भरती-ओहोटी तिथे अभ्यासतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी तिथेच आहे, नौदलाचे कितीतरी अधिकारी तिथून घडून जातात. पुण्याच्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, हे विचारण्याआधी तुमच्या माणसाने एवढं तरी माहीत करून घ्यायचं होतं. आणि माहीत नसलं, तरी ग्राहकाला हसायचं नव्हतं.

सगळ्यात जास्त राग मला त्या हसण्याचा आला. बिघाड कोणत्याही प्रोग्रॅममध्ये येतो. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिनाने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणं बंद केलं, तेव्हा तुमची आवृत्ती कित्येक महिने अडकली होती. मी थांबलो, तक्रार केली नाही. २०२० मध्ये ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले, तेव्हाही थांबलो. मॅकवर चालणारी या कामाची सॉफ्टवेअर मुळातच बोटांवर मोजण्याइतकी, त्यात तुम्ही टिकलात याचं मला कौतुक होतं. माझ्या शब्दावर चार मित्रांनी तुमचं सबस्क्रिप्शन घेतलं आहे. त्यांना आता मी काय सांगू? मी त्यांना त्याच शनिवारी रात्री एकेक करून फोन केले आणि तुमच्या प्रोग्रॅमची लोकेशनची परवानगी काढून टाकायला सांगितलं. हे काम तुमचं होतं. तुमच्या सगळ्या मॅक ग्राहकांना तुम्ही आजच्या आज कळवायला हवं, कारण यातला कोणीतरी रात्री निघेल आणि त्याच्या बोटीवर तांडेल नसेल.

मला काय हवं आहे ते स्पष्ट लिहितो. जीपीएसचं पोर्ट आणि बॉड हाताने निवडायची सोय, जी आधीच्या आवृत्तीत होती आणि तुम्ही काढून टाकलीत, ती परत द्या. बोटीची जागा कुठून आली ते स्क्रीनवर कायम दिसू द्या. फिक्स गेला की चिन्हाचा रंग बदलला पाहिजे आणि अलार्म वाजला पाहिजे. चिन्ह हिरवं ठेवून बोट थिजवायची, हा प्रकार मी परत सहन करणार नाही. जानेवारीपासूनचे सबस्क्रिप्शनचे आणि त्या न वाजलेल्या अलार्मच्या मॉड्यूलचे पैसे परत करा. कालच्या फोनबद्दल लेखी माफी मागा. आणि ‘समाधानकारक निराकरण’ अशी नोंद करून बंद केलेली माझी तक्रार पुन्हा उघडा, कारण ती नोंद खोटी आहे.

यासाठी पंधरा दिवस देतो. त्यानंतर मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, तेव्हा यावं तुम्हालाच लागेल. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत याच शहरात सुरू केली. इथला ग्राहक एसएमएस वाचून गप्प बसेल असं समजू नका. टर्मिनलचे स्क्रीनशॉट, प्रोग्रॅमने स्वतःच नोंदवलेला मांडवा ते कोथरूड हा ट्रॅक, आणि पेन्सिलीच्या दोन रेषांचा कागदी चार्ट, तिन्ही माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत.

तोवर बोटीवर मी ओपनसीपीएन हे नौकानयनाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरतो आहे. ते फुकट आहे, मॅकवर चालतं, आणि माझा जुना जीपीएस त्याला पहिल्या मिनिटाला सापडला. तुमच्या वार्षिक चार्टवर भरलेले पैसे मात्र त्यात वापरता येत नाहीत, कारण ते चार्ट तुमच्याच प्रोग्रॅममध्ये उघडतात. हेही पैसे परत मागताना धरलेलं आहे.

कृपया मला फोन करू नका. उत्तर लेखीच द्या, आणि ज्याने खांदेरी चार्टवर एकदा तरी शोधून पाहिली आहे अशा माणसाकडून द्या.

आपला,
कोथरूडचा एक ग्राहक
(२०१६ पासून)