चेक इंजिनचा कोड पुसायच्या आधी बिलावर लिहून द्या

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते आणि कास रोडला पेट्रीच्या पुढच्या एका शाळेत शिकवते. रोज सकाळी समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट चढायचा आणि दुपारनंतर उतरायचा. गाडी २०१४ सालची पेट्रोल, एमएच १२ पासिंगची, सेकंडहँड घेतलेली. या पावसाळ्यात त्या गाडीच्या चेक इंजिन लाइटनं मला सव्वादोन महिने फिरवलं, म्हणून हे पत्र. माझ्यासारख्या जुन्या गाड्या साताऱ्यात गल्लोगल्ली आहेत आणि हा खर्च टाळता येण्यासारखा होता, म्हणून सविस्तर लिहितेय.

झालं असं की जुलैच्या पहिल्या आठवड्यात धो धो पाऊस होता. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी दोन-तीनदा अडखळली, मागून कुणी ओढल्यासारखी, आणि मीटरमधली पिवळी इंजिनची लाइट लुकलुकायला लागली. वर पठारावर सपाटीला आल्यावर लुकलुकायची थांबली पण पेटलेलीच राहिली, मग दोन-तीन दिवस कोरडे गेले आणि एका सकाळी बघते तर लाइट गायब. मी नेहमीच्या गॅरेजला फोन केला तर म्हणाले, "लाइट गेलीय ना मॅडम, मग आता काय बघणार, परत लागली की आणा." मला तेव्हा ते पटलं. आता कळतंय की तिथंच पहिली चूक झाली.

कारण लाइट गेली म्हणजे बिघाड गेला असं नसतं. साधारण नियम असा की तोच दोष सलग दोन फेऱ्यांत दिसला की गाडीचा कॉम्प्युटर लाइट लावतो, आणि पुढच्या तीन फेऱ्यांत तो दिसला नाही की लाइट विझवतो. पण दोषाचा कोड आत तसाच राहतो, इंजिन थंड होऊन परत गरम व्हायच्या साधारण ४० खेपा होईपर्यंत. म्हणजे लाइट विझल्यावरही पुढचे कित्येक दिवस स्कॅनर, म्हणजे कोड वाचायचं यंत्र, लावला असता तर सगळं दिसलं असतं. आणि नुसता कोडच नाही, त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम म्हणून एक नोंद असते, दोष पकडला त्या क्षणी इंजिनचे आरपीएम किती, स्पीड किती, पाणी किती गरम, इंजिनवर लोड किती हे सगळं त्यात असतं. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचा हा एकमेव साक्षीदार. गॅरेजमध्ये गाडी उभी असताना ती बिचारी शहाण्यासारखी चालते, बिघाड घाटात होतो, आणि घाटात मिस्त्री नसतो.

दुसऱ्यांदा लाइट लागली तशी गाडी नेली. पोरानं स्कॅनर लावला, दोन मिनिटांत "क्लिअर झालं मॅडम" म्हणाला, ३०० रुपये. काय कोड होता विचारलं तर "ऑक्सिजन सेन्सरचा दाखवतोय". आठ दिवसांनी परत लागली, मग सेन्सर बदलला, ३८०० रुपये. जुना सेन्सर मागितला तर टाकून दिला म्हणाले. परत पाऊस, परत घाट, परत लाइट. चौथ्या खेपेला परत पुसली आणि सांगितलं की आता इसीएमच, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटरच, बदलावा लागेल, वीस हजाराच्या घरात जाईल. प्रत्येक वेळी आधी कोड पुसला आणि मग बोलणं. बिलावर फक्त "स्कॅनिंग चार्ज". मी गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नाहीत आणि ही सवय त्यांच्या एकट्याची नाही. मी ओळखीच्या सात-आठ जणांना विचारलं, एकाच्याही बिलावर कोड लिहिलेला नव्हता.

मग शाळेतल्या एका सरांनी कोरेगाव रोडच्या एका मिस्त्रींकडं पाठवलं. वयस्कर माणूस, छोटं शेड, दोन गाड्या मावतील एवढी जागा. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "बाई, कधी लागती लाइट ते सांगा. पावसात का उन्हात? चढाला का उताराला? गाडी गार असताना का तापल्यावर?" तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं, सकाळी, पावसात, चढाला, गाडी तापल्यावर. मग स्कॅनर लावला आणि पुसायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून त्याच्या पाठीवर लिहून घेतलं. ते पान माझ्याकडं अजून आहे. पी०३०२, पी०१७१. आरपीएम २३५०, स्पीड ३१, पाणी ८८ डिग्री, लोड ८७ टक्के.

ते पान समोर धरून त्यांनी मला समजावलं, तेही शाळेत फळ्यावर समजावतात तसं. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. पी०१७१ म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी दिसतंय. पण सिलिंडर पेटलाच नाही तर आतला ऑक्सिजन न जळता तसाच सायलेन्सरकडं जातो, तो सेन्सरला दिसतो आणि सेन्सर सांगतो की हवा जास्त आहे. म्हणजे सेन्सर खरंच बोलत होता, आणि खरं बोलला म्हणून त्यालाच बदलून टाकला. ३८०० रुपये तिथं गेले. आणि ३१ च्या स्पीडला ८७ टक्के लोड म्हणजे दुसऱ्या गिअरवर दाबून चढ चढतेय, म्हणजे यवतेश्वरचा घाटच तो, माझं सांगणं आणि गाडीची नोंद तंतोतंत जुळली.

त्यांनी लगेच काही बदललं नाही. माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा पार्ट, आहे, त्यांनी दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर बसवली, तीनची दोनवर, आणि पांढऱ्या पेंटचा ठिपका दिला. आता लिहून झालंय म्हणून कोड पुसला आणि म्हणाले, जा आता कासला, लाइट लागली की या, लुकलुकायला लागली तर तेवढा पाय हलका करा, जास्त झालं तर गाडी थांबवा. लाइट लुकलुकणं आणि नुसती पेटणं यातला फरक मला तेव्हा कळला. लुकलुकते म्हणजे त्याच क्षणी मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन तिथं जळतंय, आणि तो तापून आतून खलास होऊ शकतो. तो पार्ट कॉइलच्या कितीतरी पट महाग. मी जुलैपासून तशीच चढवत होते.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, लाइट लागली, संध्याकाळी स्कॅनर लावला तर पी०३०३. दोष कॉइलबरोबर दोनवरून तीनवर गेला होता. एक रुपयाचा पार्ट न बदलता खात्री झाली. कॉइल काढून त्यांनी खालची रबरी नळी, बूट म्हणतात त्याला, माझ्या हातात दिली आणि बॅटरीच्या उजेडात फिरवून दाखवली. वरून चांगली होती, पण एका बाजूनं उभी करडी रेघ, टोकदार पेन्सिलीनं ओढावी इतकी बारीक, नखाला जेमतेम लागेल एवढी. ठिणगी प्लगच्या टोकाला पडायच्या ऐवजी त्या चिरेतून बाहेर इंजिनच्या धातूला उडत होती. सपाटीला हलक्या पायानं चालताना सिलिंडरमध्ये दाब कमी असतो, तेव्हा ठिणगी कशीबशी पडते, पण चढाला पाय दाबला की दाब वाढतो, ठिणगीला व्होल्टेज जास्त लागतं, आणि मग तिला चिरेतली वाट सोपी पडते, त्यात ओल असली की विचारायलाच नको. म्हणून फक्त पावसात, फक्त घाटात.

मला वाटलं झालं, आता कॉइल टाकली की संपलं. पण मिस्त्री म्हणाले, "ओल आली कुठनं ते बगू की आधी." वायपरच्या खाली जाळी असते, ती काढली तर आत जांभळीची कुजलेली पानं गच्च भरलेली, पाणी जायची भोकं बंद, आणि पाणी तुंबून आतल्या बाजूनं बरोबर इंजिनवर ठिबकत होतं. गाडी मी दोन वर्षं शाळेच्या आवारात जांभळीखाली लावतेय. नुसती कॉइल बदलली असती तर पुढच्या पावसाळ्यात परत तेच. पानं काढली, भोकं तारेनं मोकळी केली, एक कॉइल, चार प्लग आणि मजुरी धरून साडेतीन हजाराच्या आत काम झालं. त्यानंतर उरलेला सप्टेंबर घाट चढलेय, लाइट लागलेली नाही.

एक गोष्ट बरेच जण म्हणतात म्हणून सांगते, "पीयूसी पास आहे ना, मग इंजिन बरोबर आहे." माझीही पीयूसी पास होती. ती तपासणी गाडी उभी ठेवून होते, चढाचा लोड त्यात येत नाही. दुसरं म्हणजे मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात की पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लावा, लाइट जाईल. ते अमेरिकेतल्या गाड्यांचं, तिथं टाकीतून वाफ गळते का हे गाडी स्वतः तपासते, आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत बहुतेक ती सोयच नसते, त्यामुळं त्या नादाला लागून आठवडे घालवू नका. त्यापेक्षा बॅटरी आणि अर्थिंगची वायर तपासून घ्या, आणि गाडी उसाच्या रानाकडेला लागत असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघा, अधूनमधून लागणाऱ्या लाइटला ही कारणंही भरपूर असतात. आणि तेलाची लाल लाइट लागली तर मात्र यातलं काही करू नका, गाडी जागेवर बंद करा.

आपल्याकडं बीएस फोरच्या गाड्यांना २०१३ च्या एप्रिलपासून ओबीडी टू, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष नोंदवायची यंत्रणा, सक्तीचं झालं, त्यामुळं त्यानंतरच्या बीएस फोर गाडीत स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट सापडतं. त्यात बसणारं छोटं ब्लूटूथ यंत्र हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतं, मोबाइलवर कोड दिसतात. मी घेतलंय. गाडी चालवताना बघू नका, बाजूला थांबून स्क्रीनशॉट काढा आणि त्यातलं "क्लिअर"चं बटण दाबू नका, कारण कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. बऱ्याच गाड्यांत बॅटरीची वायर काढली तरी जाते.

आता मागणी. साताऱ्यातल्या आणि एकूणच जिल्ह्यातल्या गॅरेजवाल्यांना तुमच्या पेपरच्या मार्फत हात जोडून विनंती आहे की कोड पुसायच्या आधी तो बिलावर लिहा, फ्रीझ फ्रेममधले चार आकडे लिहा, आणि बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. दोन मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाइकानं दुसरीकडं गाडी नेली तर पुढच्या मिस्त्रीला तो कागद उपयोगी पडेल, आणि तुमच्याकडंच परत आली तर तुम्हालाच पडेल. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकणाऱ्या पोरांनाही स्कॅनरचं पहिलं बटण "वाचा" आहे आणि शेवटचं "पुसा" हे पहिल्या वर्षातच शिकवलं पाहिजे, कारण उद्या गॅरेजमध्ये स्कॅनर त्यांच्याच हातात येणार आहे. आणि वाचकांनी एवढंच करावं की "स्कॅनिंग चार्ज" असं मोघम लिहिलेलं बिल घेऊ नये, कोड काय आला ते लिहून मागावं, लाजू नये.

कॅलेंडरच्या त्या पानाचा फोटो पत्रासोबत पाठवतेय. छापायला जागा असेल तर जरूर छापा, कोड कसा लिहून द्यायचा ते त्यावरून कुठल्याही गॅरेजवाल्याला लगेच कळेल.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, शाहूपुरी, सातारा