दिवाळीला मी एसटीनं आले नव्हते

पुणे, १८ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आई "थांब, ह्यांना देते" म्हणते, बाबा "बरं बरं" म्हणतात आणि मिनिटभरात फोन परत आईकडं. हे मिनिटभरात उरकायचं काम नाही, म्हणून लिहितेय. आई, तू चष्मा लाव आणि मोठ्यानं वाच. मध्येच उठून बाबांना पंखा बघायला जाऊ देऊ नकोस.

दिवाळीला मी एसटीनं आले नव्हते. तावडे हॉटेलजवळ शाळेतल्या मैत्रिणीच्या दारात गाडी लावली आणि तिथून रिक्षानं घरी आले. बॅग खाली ठेवताना आई, तू "एवढ्या गर्दीतनं आलीस आणि साडीची घडी मोडली नाही व्हय?" म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आणि ऑगस्टमध्ये, बाबांच्या त्या रात्री, मी ऑफिसातल्या कुणाच्या गाडीनं आले नव्हते. गाडी माझी होती. दादाचा फोन अकरा वीसला आला आणि तीनच्या आत मी दवाखान्याच्या पायरीवर होते. त्या वेळी कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नंतर सांगायचं म्हटलं तर रोज एक दिवस उशीर होत गेला.

आता नीट सांगते. गाडी घेऊन चौदा महिने झाले. जुनी आहे, २०११ ची. आणि बाबा, फियाट आहे. लिनिया, त्यातली टी-जेट. बाहेरून बघितलं तर बँकेतल्या साहेबाची सरळमार्गी डिक्कीवाली गाडी, आणि खरोखर निगडीच्या एका रिटायर्ड बँकवाल्यांकडूनच घेतली. पण बॉनेटखाली १३६८ सीसीचं टर्बो इंजिन आहे, ११४ पीएसचं. आपली पद्मिनी १०८९ सीसीची होती आणि चाळिसाच्या आसपासच ताकद, ती कुर्ल्याची. ही इथं जवळच रांजणगावात झालेली. फियाटनं आता इथं गाड्या विकणं बंद केलंय, म्हणून तर ही एक लाख पासष्ट हजारांत मिळाली. त्या किमतीत आज बरी स्कूटर आणि वर थोडे पैसे, एवढंच येतं.

आई, पोस्टातल्या पावतीला हात लावलेला नाही. ती माझ्या कपाटात, तुझ्याच पिशवीत, जशीच्या तशी आहे. हे पैसे माझ्या पगारातले आणि दोन वर्षांच्या बोनसचे. नवी छोटी गाडी घेतली असती तर सात-आठ लाख, म्हणजे पाच वर्षं हप्ते. मग फ्लॅटचं काय? मी हिशेब मांडूनच घेतली. आधी स्वारगेटवरनं शुक्रवारी रात्री बस मिळायची मारामार, मग कोल्हापुरात पहाटे चारला रिक्षा. आणि बाबांची तपासणी दर तीन महिन्यांनी, दादा बंगळुरात, मग कोण येणार? हे सगळं खरं आहे. पण खरं तर आणखी एक आहे आणि ते बाबांना सांगावंच लागेल: तीन हजार आरपीएमच्या पुढं ती गाडी पाठीमागनं कुणीतरी हात दिल्यासारखी सुटते. शिरवळच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला आणि तिसऱ्या गिअरला पाय दिला की मला हसू येतं. एकटीच हसत असते. आई, मर्यादेतच चालवते. नवले पुलाच्या उतारावर तर न्यूट्रल नाही, कधीच नाही, तिसऱ्या गिअरला धरूनच.

घेताना डोळे मिटून घेतली नाही. फ्रीजवरचं चुंबक खिशात घेऊन गेले होते. दारं, मडगार्ड, खालचा पट्टा, सगळीकडं लावून बघितलं. एका मागच्या दारावर चुंबक सुटलं, तिथं पुट्टी आहे, त्याचे सात हजार कमी करून घेतले. सकाळी इंजिन गार असताना चालू करून धूर बघितला, तेलाच्या झाकणाखाली पांढरा साका आहे का बघितलं, टायरवरचे चार आकडे वाचले, आठवडा आणि वर्ष. टायर २०१६ चे निघाले. मी काही न बोलता त्या आकड्यांवर बोट ठेवून उभी राहिले, तर काकांनी आपणच आणखी पाच कमी केले. उद्यमनगरात गिऱ्हाईक आलं की तुम्ही असेच गप्प उभे राहायचात. नावावर झालीय, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, विमा, नवी नंबर पाटी, सगळं झालंय. जूनमध्ये पंधरा वर्षं होतात, तेव्हा आरटीओत परत पासिंग आणि पर्यावरण कर. तेही बाजूला काढून ठेवलंय.

मग हळूहळू कामं. तुमच्यासारखी वही केलीय, डावीकडं तारीख, उजवीकडं रुपये. पहिला महिना नुसती दुरुस्ती: टायमिंग बेल्ट, त्याच्याबरोबर वॉटर पंप, तेलं, कूलंट, अठ्ठावीस हजार. काहीही दिसण्यासारखं नाही. मित्र म्हणाले, आधी अलॉयची चाकं बदल, आवाज काढ. मी म्हटलं, बेल्ट तुटला तर अलॉयवर बसून घरी जायचं का? मग टायर, सव्वीस हजार. मग ब्रेकचे पॅड. हिला चारी चाकांना डिस्क आहेत. त्यानंतर पुढचे शॉकॲब्सॉर्बर. मोठा सायलेन्सर लावलेला नाही, लावणारही नाही; पोलिस असल्या सायलेन्सरांवर रोलर फिरवतात आणि ते बरंच करतात. रंगही तोच, राखाडी. आरसी बुकात लिहिलेलं बदलायचं नाही असं कलम ५२ म्हणतं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय, म्हणून इंजिनाचा मॅप, म्हणजे ताकद वाढवायला त्याच्या कॉम्प्युटरमधली सेटिंगं, बदलायच्या गोष्टी ऐकून घेते आणि सोडून देते. (एकदा त्या माणसाचा नंबर घेऊन ठेवलाय. नुसता ठेवलाय.)

एप्रिलमध्ये एकदा घाबरले. खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा वर जायला लागला. काय केलं माहितेय? एसी बंद, हीटर फुल्ल, काचा खाली, हळूहळू कडेला. बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. आई, त्या दिवशी तुझा फोन आला आणि मी "मीटिंगमध्ये आहे" म्हटलं ना, ती मीटिंग घाटातल्या दगडावर होती. पुढं एका गॅरेजवाल्यानं हेड गॅसकेट गेलं म्हणून साठ हजार सांगितले. मला वाटलं, संपलं. पण गाडी तेल-पाणी एकत्र करत नव्हती, धूर पांढरा नव्हता. दुसऱ्याकडं नेली. थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या घराला चीर, बत्तीसशे रुपये. त्या दगडावर बसल्या बसल्या मला आंबा घाट आठवत होता, बाबा. पद्मिनी गरम होऊन बंद पडायची, आणि तुम्ही माझ्या हातात ओलं फडकं द्यायचात, पेट्रोलच्या पंपावर धरायला. "दाबू नको, नुसतं ठेव." मी सहा वर्षांची, पाटावर उभी राहिल्यासारखी बंपरवर उभी. फडक्यातनं वाफ यायची आणि मला वाटायचं गाडीला ताप आलाय. ती पांढरी गाडी ज्या जूनमध्ये दारातनं गेली त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. मीही बोलत नाही. माझ्या कॉलेजच्या पावत्या अजून माझ्याकडं आहेत एवढंच.

आता आई, तुझ्यासाठी. सगळे म्हणत होते, स्प्रिंग कापून गाडी चाळीस मिलिमीटर खाली बसव, वळणावर चिकटून चालते. मी जुन्या स्प्रिंगांचा सेट नऊ हजारांना घेतलाही होता. मग एका रविवारी सोसायटीतल्या आजींना मागच्या सीटवर बसवून उठवलं. त्यांना दोन्ही हातांनी दार धरावं लागलं. तुझे गुडघे डोळ्यांपुढं आले. सेट परत दिला, पाचशे बुडाले. उलट मागच्या स्प्रिंग जरा ताठ घातल्या, कारण ही गाडी मागं दोन माणसं आणि डिक्कीत तांदळाचं पोतं घेतलं की स्पीडब्रेकरला पोट घासते. आता घासत नाही. मागच्या सीटला एसीचं वेगळं तोंड आहे. उशी ठेवलीय. तुला गाडी लागते म्हणून आवळासुपारी, लिंबू आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या दाराच्या खणात. कराडला चहाला थांबायचं, तिथलं बाथरूम स्वच्छ आहे, मी बघून ठेवलंय.

बाबा, आता तुमच्याबद्दल. दादानं सांगितलं, लेथ बघायला कुणीतरी येऊन गेला आणि वजनावर भाव सांगून गेला. लेथ तुमचा आहे, विकायचा की ठेवायचा ते तुम्हीच ठरवा, मी मध्ये पडणार नाही. फक्त शनिवारपर्यंत थांबा. २४ ला मी येतेय, सोमवारी २६ ची सुट्टी आहे, तीन दिवस आहेत. मला काम आहे.

लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, मागचे रबरी बुश गेलेत. खड्ड्यात गेली की डावीकडनं टक् असा आवाज येतो. इथं म्हणतात, पूर्ण आर्मच बदला, एका बाजूचे नऊ हजार, तेही मागवून, कधी येतील सांगता येत नाही. पण बुश म्हणजे बुशच की. तुम्ही आयुष्यभर दुसरं काय काढलंत? भोसरीतनं पॉलियुरेथेनचा रॉड आणलाय, सत्तर शोअरचा (ते टणकपणाचं माप), म्हणजे रबरापेक्षा थोडा टणक, पण आईच्या कमरेला कळणार नाही एवढाच. मधली स्टीलची स्लीव्ह जुन्यातली चालते का ते तुम्ही बघा. जुना बुश नमुन्याला डब्यात घालून आणते. मला माप घेता आलं, पण तुमचं "दोन थौ दाट ठेव, दाबून बसू दे", इंचाच्या हजाराव्या भागाचं ते काम, मला जमत नाही. मी दाट ठेवते तेव्हा चार ठेवते.

टूल मी धरणार. आधीच सांगते म्हणजे तिथं वाद नको. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तोवर चक फिरताना तुम्ही दोन हात लांब, खुर्चीत. व्हर्निअर तुमच्या हातात, चुकलं की ओरडायचं. मोतीबिंदूनंतर डोळा चांगला झालाय म्हणताय ना, मग व्हर्निअरवरची रेघ वाचून दाखवा.

आई, शुक्रवारी रात्री फ्रीझरमधले मटार बाजूला सारून जागा कर. रॉड मी पोचल्या पोचल्या आत ठेवणार. गार आणि टणक झाला की कट नीट बसतो, नाहीतर टूलपासनं पळतो. पिशवीत गुंडाळून ठेवीन, मटारला वास लागणार नाही.

आणि काही गोष्टी, दोघांनीही ऐका. सकाळची बीपीची गोळी चहाच्या आधी, नंतर नाही. बाबा, अंधार पडल्यावर स्कूटर नाही. आणि तिची नवी पाटी बसवलीत का? दुचाकीला साडेचारशे आणि वर जीएसटी, नाहीतर मी येऊन बुक करते. आई, गुडघ्यावर तेल चोळलंस की लगेच जिना चढू नकोस, तळवे घसरतात. गॅसची नळी बदलायची आहे, मी येताना आणते, तू त्यासाठी कुणाला बोलावू नकोस. रागवायचं असेल तर शनिवारी रागवा, समोरासमोर. फोनवर गप्प बसू नका, मला ते सहन होत नाही.

शनिवारी साडेअकरापर्यंत पोचेन. रिक्षा नाही, थेट दारात. पुढच्या काकांना गेटातली बाईक बाजूला घ्यायला सांगून ठेवा. जेवायला साधंच कर, तांबडा-पांढरा रविवारी.

तुमची,
बारकी

ता. क. बाबा, लेथजवळ जायच्या आधी तुम्ही माझी वेणी फ्रॉकच्या कॉलरात खोचायचात. आता ते काम वाचलंय. केस कापलेत, मानेपर्यंत. तेही सांगायचं राहिलं होतं. आई, बरे दिसतात.